टचिंगची पेन्सिल



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असं समजा. मला एक जुनी कबुली द्यायची आहे.

मी फोटोच्या धंद्यात कॅमेऱ्यामागून नाही, टचिंगच्या टेबलावरून आलो. तिरकी दुधी काच, खाली आरसा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. जुन्या मंडळींना सांगायला नको, निगेटिव्हमध्ये सावळा चेहरा पारदर्शक असतो. तिथे पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम भरत गेलं की प्रिंटमध्ये तो उजळतो. काळ्या शिशाने मी माणसं गोरी करायचो. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंवर तर दुप्पट हात फिरायचा.

एकदा असा एक फोटो मुलीच्या आजीने हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हनुवटीवरचा तीळ कुठे गेला रे?"

मी ऐटीत म्हणालो, "काढला."

"मग आमची पोरगी ओळखायची कशी?"

पैसे चुकते केले आणि फोटो काउंटरवरच ठेवून निघून गेल्या.

तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे सेदू केता यांचे फोटो पाहिले. मालीतल्या बामाकोमध्ये त्यांनी १९४८ साली स्टुडिओ थाटला, तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. पहिला पडदा म्हणजे त्यांचा स्वतःचा पलंगपोस. घड्याळ, पेन, रेडिओ, सूट, सगळं स्टुडिओत तयार. गिऱ्हाइकाने हवं ते घ्यावं आणि ऐटीत बसावं. आपल्याकडेही खुंटीवर एक कोट असायचाच. मी त्याला खोटेपणा म्हणायचो. आता म्हणत नाही. कोट उसना असला तरी तो घालायचं त्या माणसाने ठरवलेलं असतं. तीळ काढायचं मी ठरवलं होतं.

  

सॅम्युएल फोसो यांनी १९७५ मध्ये मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात स्टुडिओ उघडला, वय वर्षं १३. दिवसा लोकांचे फोटो, आणि रोलच्या शेवटी उरलेल्या फ्रेम वाया जाऊ नयेत म्हणून रात्री स्वतःचे. ते फोटो नायजेरियातल्या आजीला पाठवायचे, नातू बरा आहे हे कळावं म्हणून. पुन्हा आजीच! आणि दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी तर माझी पेन्सिल उलटी फिरवली. स्वतःच्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट वाढवून कातडी होती त्याहून काळी केली. एका फोटोत केसांत कपडे वाळत घालायचे चिमटे माळलेत. फोटोला नाव दिलंय घरकाम करून पोरं वाढवणाऱ्या आईचं. तो फोटो पाहून मी बराच वेळ बोललो नाही.

हल्ली फोन न विचारताच टचिंग करतो. त्याच्यावर रागावायचा अधिकार निदान मला तरी नाही.

आमचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हचे डबे माझ्याकडे आले. परवा त्यात ती मुलगी सापडली. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसली, प्रिंट काढली. तीळ जागेवर होता.

ती प्रिंट इथे बाहेर भरलेल्या प्रदर्शनात नाही. तिला अजून विचारलेलं नाही.