आधी कोणी मागे यायचं?

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात ही पहिलीच पदवी असेल. कापूस-सोयाबीनचं पीक हाती लागो न लागो, तुमची फी भरणाऱ्या आईवडिलांना मी आधी नमस्कार करतो.

आज मला तुमच्याशी युद्धाबद्दल बोलायचं आहे. युक्रेन आणि गाझातली उद्ध्वस्त शहरं तुम्ही मोबाइलवर पाहिली आहेत. युद्ध ही दूरदेशीची गोष्ट आहे, असं त्यामुळे वाटू शकतं. पण वर्धा नदीच्या अलीकडचा हा आपला मुलूख कोणाचा, हे एकदा युद्धानेच ठरवलं होतं. ते युद्ध का झालं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

नाना फडणवीस 13 मार्च 1800 रोजी गेले आणि पुण्याच्या दरबारात तोल सांभाळणारं कोणी उरलं नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन ठार मारलं. विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. घरच्या माणसाशी बोलणी करण्याऐवजी बाजीराव पळाले आणि 31 डिसेंबरला वसईत त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी स्वतःहून स्वीकारली. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली यांना विस्तारासाठी अशीच संधी हवी होती. आक्रमकाची भूक मोठी होती, हे खरंच. पण तिला वाट आपल्या आपसातल्या सुडाने करून दिली, हेही तितकंच खरं.

आता 1803 चा उन्हाळा पाहा. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले एकत्र आले आणि त्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीलगत तळ देऊन बसल्या. शिंद्यांच्या छावणीत कर्नल कॉलिन्स हा इंग्रज वकील होता. त्याने सरळ विचारलं, शांतता की युद्ध? भोसल्यांची भेट झाल्यावर सांगू, असं उत्तर शिंद्यांनी दिलं. भेट झाली. नंतर आठवड्यांमागून आठवडे खलिते फिरत राहिले. गव्हर्नर जनरलचे भाऊ आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लींचा आग्रह होता की मराठी फौजांनी आपापल्या मुलखात परतावं. शिंदे-भोसल्यांचं म्हणणं असं की इंग्रजांच्या फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबईला पोचतील, त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपूरला पोचू. वेलस्लींना ते मान्य नव्हतं. आपण शेकडो कोस दूर जायचं आणि समोरच्याने चार मजलांवर थांबायचं, हा त्यांचा हिशेब. मराठ्यांच्या बाजूनेही शंका रास्त होती. पुण्याच्या दरबारात बसलेला पाहुणा आपल्यालाच माघार घ्यायला का सांगतो?

आधी कोणी मागे यायचं, एवढाच प्रश्न उरला होता. दोन्ही बाजूंची भीती खरी होती, पण ती मोजून मध्यम मार्ग सुचवणारा, दोघांचाही विश्वास असलेला माणूस कुठेच नव्हता. 3 ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघून गेला. 8 ऑगस्टला इंग्रजांनी अहमदनगरवर हल्ला केला. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आपल्या वऱ्हाडातलं अडगाव, डिसेंबरात गाविलगड, सगळीकडे मराठ्यांचा पराभव झाला. होळकर त्या वेळी बाजूला राहिले आणि पुढच्या वर्षी एकटे लढले.

17 डिसेंबर 1803 रोजी एलिचपूरजवळच्या देवगावला तह झाला. भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाला मिळाला. इथल्या कुणब्याला, कोलामाला, बंजाऱ्याला, पाटलाला कोणी काही विचारलं नाही. त्याच सुमारास दख्खन-खानदेशात लुटालूट आणि पावसाची हुलकावणी मिळून भयंकर दुष्काळ पडला. पुढे 1853 मध्ये निजामाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. वाटाघाटीच्या बैठकीत ज्यांना जागा नसते, युद्धाची किंमत त्यांच्याच पिढ्या भरतात.

या कथेचा शेवटही आपल्याच जिल्ह्यातून जातो. जुलै 1815 मध्ये बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतलेली होती. बोलणी करायला आलेल्या माणसाचाच जीव गेला, की पुढची सगळी बोलणी संशयाच्या सावलीत होतात. 1817 चा अपमानकारक पुणे करार, खडकीची लढाई, नागपुरात सीताबर्डी, मग पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचा अंत झाला ती आष्टी. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने पेशव्यांच्या उरलेल्या फौजेची दाणादाण उडवली. जूनमध्ये बाजीराव शरण गेले आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला राहिले.

हे फक्त मराठ्यांचंच दुर्दैव नव्हतं. 23 जुलै 1914 रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी 28 जुलैला युद्ध पुकारलं गेलं आणि आठवडाभरात युरोप पेटला. त्या आगीत आपल्या मराठा पलटणींचे जवान इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी लढले. ज्या साराजेव्होतल्या हत्येवरून हे सगळं पेटलं, त्या शहराचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

युद्ध अटळ असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. 1782 चा सालबाईचा तह आठवा. महादजी शिंद्यांनी मध्यस्थी केली. इंग्रजांनी जिंकलेला मुलूख परत केला आणि पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांची बाजू सोडली. मराठ्यांनी साष्टी त्यांच्याकडे राहू दिली. वीस वर्षं दोघांत युद्ध झालं नाही. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबाच्या प्रश्नावर जग अणुयुद्धाच्या काठावर होतं. सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं मागे नेली. अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याचं वचन दिलं आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं गुपचूप काढून घेण्याचं कबूल केलं. समोरच्याला मान राखून मागे येता येईल एवढी वाट दोघांनीही ठेवली. महादजींकडे फौज होती, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडेही होती. मुत्सद्देगिरी दुबळ्यांची असते, हा समज या दोन्ही उदाहरणांनी खोटा ठरतो. ताकद लागतेच. पण तिच्यावर लगाम नसला, की ती आपल्यालाच ओढत नेते.

याच जिल्ह्यातल्या वणीला 1880 मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हा तोल जाणत होते. 1930 मध्ये पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, आणि 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथून राजीनामाही दिला. त्याच वर्षी ते श्रीलंकेत भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. कुठे ठाम उभं राहायचं आणि कुठे बोलत राहायचं, हे त्यांना कळत होतं.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण तहसीलदार होतील, काही वकील, काही शिक्षक, काही पत्रकार. कोणी सैन्यात जाईल, त्यांना माझा आदराचा नमस्कार. धुऱ्याची भांडणं, दोन गावांमधले पाण्याचे वाद, जातीजातींतले तंटे तुमच्यासमोर येतील. तेव्हा तीन गोष्टी करा. वेळेवर बोला, कारण तलवार उपसल्यावर शहाणपणही कोणी ऐकत नाही. समोरच्याची भीती त्याच्याच शब्दांत मांडता येईल इतकी नीट समजून घ्या. आणि दिलेला शब्द पाळा, कारण एकदा फसवलेला माणूस पुढच्या शंभर प्रस्तावांवर विश्वास ठेवत नाही.

उद्या देशात कोणी युद्धाच्या घोषणा देऊ लागलं, तर नागरिक म्हणून त्याला विचारा: बोलणी कुठवर आली, कोण बोलतंय, आणि मध्यस्थ कोण आहे? हे विचारल्याने तुम्ही देशद्रोही ठरत नाही. सीमेवर जो मुलगा उभा आहे, त्याच्या जिवाची जबाबदारी घेणारे सुजाण नागरिक ठरता. ज्या देशाचे नागरिक हे प्रश्न विचारतात, त्या देशाचे राज्यकर्ते तलवारीला हात घालण्याआधी दहा वेळा विचार करतात. पदवीचं हे काम तुम्ही आयुष्यभर करा, हीच माझी तुमच्याकडून अपेक्षा आणि हाच माझा आशीर्वाद.