माप कुणाचं घ्यायचं?

लग्नाचा पोशाख शिवायला टाकतात, तेव्हा पैसे वडील देतात आणि कपडा अंगात घालतो नवरदेव. शिंपी कापडाची पसंती वडिलांना विचारील, पण माप नवरदेवाचंच घेईल. कच्चे टाके घालून झाले की पुन्हा त्यालाच बोलावील. एवढी साधी गोष्ट संगणकाच्या जगाला अंगवळणी पडायला बरीच वर्षं लागली. आज तिच्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस, याचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? संबंध शब्दांपुरता. पुण्यातली एक कंपनी अर्ज भरण्याचं अ‍ॅप मराठीत आणत होती. पडद्यावरचे शब्द तपासायला त्यांनी मला बोलावलं. त्या निमित्तानं काही महिने मी तिथल्या मुलामुलींच्या शेजारी बसलो.

पूर्वी सॉफ्टवेअर करायचं म्हणजे आधी सगळ्या मागण्यांचं जाडजूड बाड लिहायचं आणि मग वर्ष-दोन वर्षं काम करत राहायचं. वस्तू हाती येईपर्यंत गरजच बदललेली असे. या पद्धतीला कंटाळलेले सतरा जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’चा जाहीरनामा लिहिला. थोडं करा, दाखवा, सुधारा, पुन्हा करा, असा त्याचा मथितार्थ. आज कितीतरी ठिकाणी दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनी काम चालतं. त्या फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात.

जाहीरनाम्यात ग्राहकाला सोबत घ्या, असं म्हटलं आहे. पण ग्राहक म्हणजे बहुधा काम सोपवणारे साहेब. आपल्या गोष्टीतले वडील! नवरदेव, म्हणजे प्रत्यक्ष वापरणारा माणूस, राहिला बाजूला. त्याच्याकडे जाऊन, तो काय करतो, कुठे अडतो हे पाहण्याच्या कामाला ‘यूजर रिसर्च’ म्हणतात. या कामाला वेळ लागतो. इकडे फेरी दोन आठवड्यांची! मग कुणी सुरुवातीला एकदाच पाहणी करून मोकळं होतं, तर कुणी सगळं झाल्यावर, दुरुस्तीला पैसे आणि उत्साह दोन्ही उरलेले नसताना.

यावर ऑटोडेस्क कंपनीच्या टोरांटोतल्या डेझिरे साय यांनी २००७ मध्ये एक व्यवहारी पद्धत मांडली. आराखडा करणाऱ्यांनी बांधणाऱ्यांच्या एक फेरी पुढे राहायचं. मागच्या फेरीत जे तयार झालं ते लोकांकडून वापरून पाहायचं, पुढच्या फेरीसाठी आराखडा करायचा आणि त्याच्याही पुढच्या फेरीसाठी माहिती गोळा करायची. तिन्ही कामं एकाच वेळी. शेतकरी एका वावरात काढणी करताना दुसऱ्या वावराच्या पेरणीचा विचार करतो, तसंच हे.

ब्रिटनच्या सरकारनं हे मोठ्या प्रमाणावर केलं. तिथं २०११ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ हा विभाग स्थापन झाला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारचं नवं एकत्रित संकेतस्थळ सुरू झालं. त्यांच्या पद्धतीत संशोधक वेगळ्या खोलीत बसून अहवाल लिहीत नाही, तो कामाच्या चमूतच असतो. शिवाय चमूतल्या प्रत्येकानं दर सहा आठवड्यांत निदान दोन तास लोकांना वापर करताना प्रत्यक्ष पाहावं, असा त्यांचा सल्ला आहे. अहवाल कपाटात जातो. अडखळलेलं बोट पाहिलं की विसरता येत नाही.

असं एक बोट मीही पाहिलं. एका भाजीवाल्या मावशींना अर्ज भरायला दिला होता. शेवटच्या बटणावर लिहिलं होतं, ‘सादर करा’. मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “काय सादर करू बाबा? मला गाणं येत नाही.” सगळे हसले, पण त्याच दुपारी तिथं ‘अर्ज पाठवा’ असं आलं. फेरी चालू होती म्हणून ते दुपारी झालं. वर्षभरानं कळलं असतं, तर त्याची एक टीप होऊन फायलीत पडली असती.

प्रत्येक अडखळण्याचा शेवट हसण्यात होत नाही. माझ्या आईच्या नावात आडनावच नव्हतं. आमच्याकडे अनेकांच्या नसतं. एका कार्यालयाच्या अर्जात नावाचे तीन रकाने होते आणि आडनावाशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. नेट सेंटरवरच्या मुलानं शेवटी तिचं नावच दोनदा टाकलं. मग बँकेतलं नाव वेगळं, अर्जातलं वेगळं! विधवा म्हणून मिळायचे पैसे सात महिने अडले. तो रकाना करणारा दुष्ट नव्हता. त्यानं आईसारखं माणूस समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, एवढंच. प्रत्येकाचं नाव ‘पहिलं नाव, आडनाव’ या साच्यात बसत नाही, हे ब्रिटनच्या त्या विभागानं आपल्या मार्गदर्शनात लिहूनच ठेवलं आहे.

यासाठी हजारो माणसं लागतात असंही नाही. पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, असं जेकब निल्सन यांनी २००० मध्ये लिहिलं. एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा लहान चाचण्या वारंवार घ्या, हा त्यांचा मुद्दा. पण ते पाच जण कोण, हा प्रश्न उरतोच. कचेरीतलेच पाच तरुण घेतले, तर आईची अडचण कुणालाच दिसणार नाही. म्हणून दर फेरीत पाच जण, आणि त्यांतला निदान एक तरी असा, ज्याला हे अवघड जाणार आहे. कामाचा वेग वाढला, याचा मला आनंदच आहे. पण माप न घेता शिंप्याचा हात भराभर चालला, तर चुकीचा कपडा लवकर शिवून होईल, इतकंच.

जाता जाता एक विनंती. उद्या कुणी मोबाइल पुढे करून “जरा हे वापरून दाखवता का?” म्हणालं, तर समोरच्याचं मन राखायला “छान आहे” म्हणू नका. आपण फार लवकर “छान” म्हणतो. जिथं अडलात तिथं थांबा आणि “हे मला कळलं नाही” असं मोकळेपणानं सांगा. तुमच्यामागून येणाऱ्या कुणाचा तरी अर्ज त्यामुळे अडायचा राहील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)