खरे कुंपण कोणते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, उद्योग-व्यापाराच्या व्याख्यानांत 'चौकटीबाहेरचा विचार करा' हा उपदेश फार ऐकू येतो. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. नफ्यातोट्याचे गणित मला शिकवता येणार नाही. पण चौकटीशी माझा रोजचा संबंध आहे. मी गझल लिहितो. गझलेत रदीफ ठरलेला असतो; प्रत्येक शेराच्या शेवटी तेच शब्द यावे लागतात. नवख्या कवीला ती बेडी वाटते. पुढे कळते, की शेवट ठरलेला असल्यामुळेच तिथवर नव्या वाटेने जावे लागते. म्हणून मला वाटते, मोकळा विचार म्हणजे सगळी कुंपणे तोडणे नव्हे. कोणते कुंपण खरे आणि कोणते नुसते सवयीचे, हे ओळखणे म्हणजे मोकळा विचार.

आमच्या बेंबळीतली मुले कधी कधी विचारतात, "चाचा, इथंच काही धंदा करावा की पुणं गाठावं?" मी त्यांना आपल्याच धाराशिव जिल्ह्यातली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले खव्याचे. भूम-कुंथलगिरीकडे पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून दुभत्या जनावरांचा आधार. पण दूध लवकर नासते आणि मोठे गिऱ्हाईक दूरच्या शहरात. हे कुंपण खरे होते. तिथल्या लोकांनी दूध आटवले. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. ओझे घटले, माल जास्त टिकू लागला. बाजार जवळ आणता येईना, तर त्यांनी मालाचेच रूप बदलले. आज कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे.

दुसरे उदाहरण बायकांचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त केला. गावे पुन्हा उभी करण्याच्या कामात प्रेमा गोपालन यांनी बायकांना पुढे आणले. २०२२ मध्ये त्या गेल्या. पण त्यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने इथल्या शेतकरी बायकांसोबत पुढे जे केले, ते मला कोणत्याही व्यापारी डावपेचापेक्षा मोठे वाटते.

आमच्याकडे सोयाबीन, ऊस ही नगदी पिके. दुष्काळात ती गेली, की घरात ना पैसा ना दाणा. रानात बाई राबते. पण काय पेरायचे ते पुरुष ठरवणार. या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात कडधान्ये, भरड धान्ये, भाजीपाला अशी मिश्र पिके घेतली. खत घरचे, पाणी बेताचे. आधी घरच्यांची पोटे, उरेल ते बाजारात. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. विकतचा खर्च कमी आणि पहिले गिऱ्हाईक आपल्याच चुलीपाशी. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

इथे पाऊस कमी, हे कुंपण खरे. ते बायकांनी मानले आणि त्याला धरून पिके निवडली. 'बाईला शेतीतले काय कळते', हे कुंपण मात्र सवयीचे. ते त्यांनी भांडण न करता, एका एकरात पीक उभे करून ओलांडले.

म्हणून मुलांना मी सांगतो, धंदा सुरू करण्याआधी कागदावर दोन रकाने पाडा. एकात खऱ्या अडचणी लिहा, दुसऱ्यात 'असे कधी कुणी केले नाही' या जातीच्या. पहिल्या रकान्याशी जुळवून घ्या, दुसरा तपासून बघा. बहुतेक वेळा दुसराच लांब भरतो.

एक कुंपण अजून बाकी आहे. एकर कसणाऱ्या कितीतरी बायकांचे नाव सातबाऱ्यावर नाही. मागून घेतलेली जमीन उद्या परतही मागितली जाऊ शकते. ज्या एकराने घर जगवले, तो तिच्या नावावर करायला पाऊस आडवा येत नाही. हे कुंपण कोणत्या रकान्यात घालायचे, ते आपणच ठरवायचे आहे.