आठ सामने, एक विजय

श्रोतेहो, शाळेचा निकाल लागला की पोराची गुणपत्रिका घरी येते. बाप ती हातात घेतो आणि त्याची पहिली नजर लाल रेघेवर जाते. पोरगं कशात नापास झालं ते आधी पाहायचं, बाकीचं मग. आज मी तुमच्यापुढे अशीच एक गुणपत्रिका ठेवणार आहे. ती आपल्या देशाच्या फुटबॉल संघाची आहे. ऑलिंपिक स्पर्धेत हा संघ १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० असा लागोपाठ चार वेळा खेळला. सामने झाले आठ. त्यांतला एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि सहा हरले. आपण गोल केले दहा. आपल्यावर झाले सत्तावीस. १९६० नंतर त्या स्पर्धेच्या फुटबॉलात भारताचा पुरुष संघ पुन्हा पोचलेला नाही.

तुम्ही म्हणाल, "यात सांगण्यासारखं काय आहे? आणि आमच्या ढोकी-तेरच्या शिवारात फुटबॉल कुठला? आमची पोरं खो-खो खेळतात, जत्रेत कुस्ती धरतात, नाही तर दिवसभर क्रिकेट." म्हणणे खरे आहे. पण ढोकीच्या माणसाला काट्याची गोष्ट सांगायला नको. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढते आणि पावतीवर वजन येते. त्या उसाला पाणी किती पाळ्या मिळाले, लागण केव्हा झाली, बेणे कुठले होते, हे पावतीवर लिहिलेले नसते. शेतकऱ्याला मात्र ते ठाऊक असते, आणि पुढच्या हंगामात तेच त्याच्या कामी येते. खेळाचा आकडाही तसाच आहे. तो एकदा पाहून टाकून देऊ नये, जरा उलगडून वाचावा.

तर मग वाचू या. १९४८ साल, लंडन. देश स्वतंत्र होऊन वर्षसुद्धा पुरे झाले नव्हते. आपला सामना फ्रान्सशी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. कुणाच्या पायाला नुसती पट्टी गुंडाळलेली. तरीही सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत १-१ असा बरोबरीत राहिला होता. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या. पेनल्टी म्हणजे समोर एकटा गोलरक्षक, आणि बारा यार्डांवरून मोकळेपणाने चेंडू मारायचा. त्या दोन्ही वाया गेल्या. अखेरीस फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ हरलो. तिकडच्या प्रेक्षकांना अनवाणी खेळाचे मोठे कौतुक वाटले, आणि आपल्यालाही त्या कौतुकाची गोडी लागली.

ही गोडी पुढे महाग पडली. १९५२ साली हेलसिंकीला गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. थंड हवा, घट्ट बूट घातलेले धिप्पाड खेळाडू आणि आपली बरीच मंडळी पुन्हा अनवाणी. निकाल लागला १० विरुद्ध १. आपल्याकडे तेव्हा सामने सत्तर मिनिटांचे होत, तिकडे पुरी नव्वद मिनिटे खेळावे लागे. आपल्याकडे मागे दोनच खेळाडू बचावाला ठेवायची जुनी रीत होती. ती तिथे तोकडी पडली.

श्रोतेहो, दहा गोल खाऊन परतलेल्या संघाचे तुम्ही काय केले असते? मार्गदर्शक बदला, असे पहिल्याने कुणीही म्हणाले असते. आपल्या लोकांनी तसे केले नाही. त्या संघाचे मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याकडेच पुढेही काम राहिले.

इथे ढोकीचा संबंध येतो बरं का. आपला उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. इथल्या माणसाचे कोर्टकचेरीचे, शिक्षणाचे मोठे काम निघाले की वाट हैदराबादेची. रहीमसाहेब म्हणजे त्या अर्थाने आपल्याच राज्याचे माणूस, आणि त्यांचा पेशा शिक्षकाचा. हैदराबादच्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले होते, शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली होती. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकला होता.

हा शिक्षक हेलसिंकीहून काय घेऊन आला? रडगाणे नव्हे, तर चुकांची यादी. अनवाणी पाय ही शोभा नसून अडचण आहे, हे मान्य झाले. फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. मागे दोनांच्या जागी तीन बचावपटू आले. नव्वद मिनिटे धावता येईल असा दम कमावायचा ठरले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, चेंडू पायात खेळवत बसण्याची सवय मोडायची. आपल्या खेळाडूंच्या पायात कसब भरपूर, पण एकट्याने चार जणांना चकवत जायचे आणि पाचव्यापाशी चेंडू गमवायचा, असे होई. रहीमसाहेबांनी हैदराबादेत काही निराळ्याच स्पर्धा भरवल्या होत्या. एकीत नियम असा की चेंडू खेळवत न्यायचा नाही, आला की सोबत्याला द्यायचा. दुसरीत नियम असा की आपला कच्चा पाय असेल त्यानेच मारायचे. पहा, यात पैसा कुठे लागला? लागली ती शिक्षकाची अक्कल.

आता चार वर्षे पुढे या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी मांडणी झाली आणि मराठवाड्याबरोबर आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नला भारताचा संघ ऑस्ट्रेलियापुढे उभा होता. कप्तान बंगालचा समर बॅनर्जी. संघात हैदराबादेकडचे अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे गडी. आणि पुढच्या फळीत नेव्हिल डिसोझा, मूळचा गोव्याच्या आसगावचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. सामना यजमानांच्या घरी होता. नेव्हिलने एकट्याने तीन गोल केले, चौथा कृष्णा किट्टूने, आणि भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. ऑलिंपिक फुटबॉलात एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला. आठ सामन्यांतला आपला एकुलता विजय तो हाच.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. हेलसिंकीचे दहा गोल कुणी विसरले नव्हते. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. मध्यंतरानंतर पहिला गोल केला तो भारताने, नेव्हिलनेच. काही मिनिटे तरी ऑलिंपिकचा अंतिम सामना आपल्या टप्प्यात दिसत होता. मग युगोस्लाव्हियाने चार गोल केले आणि आपण ४-१ हरलो. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाशी ३-० हरलो. भारताचा क्रमांक चौथा.

या चौथ्या क्रमांकाविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. तो संघ आलाच नाही, आणि आपण न खेळता पुढे सरकलो. म्हणजे चौथा क्रमांक मिळाला तो एका विजयावर आणि दोन पराभवांवर. गोल केले पाच, खाल्ले नऊ. कुणी म्हणेल, नशिबाने मिळाले. नशिबाचा वाटा होताच. पण त्याच युगोस्लाव्हियाकडून चार वर्षांपूर्वी १०-१ आणि आता ४-१, तेही पहिला गोल आपला. हा फरक नशिबाने पडलेला नाही. दोन्ही वेळा युगोस्लाव्हियाने रौप्यपदक घेतले, तेव्हा तोलामोलात तो संघ काही उतरलेला नव्हता. चढलो होतो ते आपण.

१९६० सालचे रोमही असेच वाचा. हंगेरीशी २-१ आणि पेरूशी ३-१ अशी हार झाली. पण त्या हंगेरीने पुढे कांस्यपदक मिळवले. आणि ज्या फ्रान्सने १९४८ साली आपल्याला हरवले होते, त्याच्याशी १-१ बरोबरी. तीही सामना संपायला आला तेव्हा फ्रान्सने साधली. नापासाची रेघ लालच आहे, पण गुण वर्षागणिक वाढत होते.

या वाढीचे फळ १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पदरात पडले. तिथे पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी २-० हरलो. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही. बचावातून काढून पुढच्या फळीत खेळवले. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर, आणि प्रेक्षक आपल्या विरुद्ध ओरडणारे. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा टाके घातलेल्या जर्नेलसिंगने. २-१ असा विजय आणि सुवर्णपदक. १९५१ साली दिल्लीत मिळाले होते, त्यानंतरचे हे दुसरे. रहीमसाहेब तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये ते वारले.

आणि पुढे काय झालं? ढोकीकडच्या शेतकऱ्याला एका शब्दात कळेल. खोडवा! ऊस तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटतो. नवी लागण न करता एखादे पीक येते, बरेही येते. १९६४ साली आशिया चषकात आपण दुसरे आलो. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर त्या स्पर्धेच्या फुटबॉलात पदक नाही. २०२४ च्या जानेवारीत कतारला झालेल्या आशिया चषकात भारताचा संघ तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. जुन्या लागणीवर किती वर्षे खोडवा घ्यायचा? एका रहीमसाहेबांनी जे केले ते पुढे शाळाशाळांतून दहा हातांनी व्हायला हवे होते, ते झाले नाही. देशाचा संघ दिल्लीत निवडला जातो, पण तो पिकतो खाली, जिथे दहा वर्षांच्या मुलाला कुणीतरी पहिल्यांदा चेंडू मारायला शिकवतो तिथे.

म्हणून आता मी गुरुजींशी आणि बाईंशी बोलतो. वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो तास पहिल्याने गणिताच्या पोटात जातो, की नाही? तो जाऊ देऊ नका. ज्वारी निघाली की गावाबाहेर मोकळे रान मिळते. दोन दगड ठेवले की गोल झाला. एक चेंडू पुरतो. एके दिवशी नियम करा की उजव्याने मारणाऱ्याने डाव्या पायाने मारायचे. दुसऱ्या दिवशी नियम करा की चेंडू पायात आला की तीन मोजायच्या आत सोबत्याला द्यायचा. जो पोरगा एकटाच खेळायला बघतो तो चिडेल, चिडू द्या. जो नेहमी कडेला उभा असतो त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा चेंडू येईल. मुलांच्या पायांचीही काळजी घ्या. काट्याकुट्यात अनवाणी खेळण्यात काही मर्दुमकी नाही. ते शहाणपण देशाला दहा गोल खाऊन आले आहे.

आणि एक वही ठेवा. शेजारच्या गावाशी सामना झाला की त्यात आकडा लिहा, पण आकड्याखाली एक ओळ लिहा: कशाने हरलो. दम पुरला नाही? मागे माणसे कमी पडली? सोपा गोल चुकला? सहा महिन्यांनी त्याच गावाशी पुन्हा खेळा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. पाच गोलांनी हरलेले पोरगे दोन गोलांनी हरले, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. ते पुढे सरकले आहे, आणि हे त्याला सांगायला शिक्षकावाचून दुसरे कोणी नसते.

फुटबॉलच असला पाहिजे असा माझा हट्ट नाही. याच जिल्ह्याच्या सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले, सुवर्णपदक आणले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. देशाचा संघ आपल्या मातीतून जातो, हे तिने दाखवून दिले आहे. तेव्हा खेळाच्या तासाला मुलींनाही मैदानात घ्या; त्यांना कडेला बसवून टाळ्या वाजवायला लावू नका.

ढोकी, तेर, येडशी, कसबे तडवळे, कुठलेही गाव घ्या. या आठवड्याच्या वेळापत्रकात खेळाचा तास आहेच. त्या दिवशी पोरांना मैदानात काढा आणि सुरुवात कच्च्या पायापासून करा.