मालमोटारीचा फिरता दांडा

बाजारला माल नेणाऱ्या ट्रकखाली वाकून पाहिलंत, तर गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत गेलेला एक पोकळ पोलादी दांडा दिसेल. कारागीर त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचते ती ह्याच्यामार्फत.

कोणी जुन्या गाडीत मोठे इंजिन आणि दुसरा गिअरबॉक्स बसवतो. दांडा मात्र जुनाच ठेवतो. आता हिशेब पाहा. इंजिनाचा पीळ ४० किलोग्रॅम-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ७, तर दांड्यावर पीळ येतो सुमारे २८०. इंजिन ५५ चे आणि गिअर ९ चा झाला, की तोच होतो ४९५. इंजिन दीडपटही वाढले नाही, पण दांड्यावरचा पीळ पावणेदोनपट झाला! गुरुजींनी हा गुणाकार फळ्यावर जरूर मांडावा.

मग करावे काय? जास्त व्यासाची नळी आणि तिच्या जोगते मोठे क्रॉस घ्यावेत. गिअरबॉक्सची लांबी बदलली, तर दांड्याचे माप नव्याने काढावे. फार लांब दांडा वेगात मधोमध झोल खातो. त्याचे दोन भाग करून मध्ये सेंटर बेअरिंग द्यावे. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवावेत आणि दांडा यंत्रावर तोलून घ्यावा.

घाट उतरताना दांडा तुटला, तर गिअरचा आवर सुटतो. सारा भार ब्रेकवर पडतो. पुढचे टोक रस्त्यात रुतू नये म्हणून खाली लोखंडी कडे असावे. आणि इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. ताकद वाढवायची, तर ती वाहणाराही तितकाच भक्कम हवा.