आंजर्ले ते स्पिती : टायर कोणते घालावेत?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात दहावी १९८६ च्या तुकडीतील एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)

आदरणीय गुरुजन, आणि भर मे महिन्यात आंबा उतरवायचा सोडून इथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

जेवण झालंय, वर पंखा फिरतोय आणि विषय आहे मोटरसायकलचे टायर. तेव्हा कुणाचा डोळा लागला तर मला राग येणार नाही. पण पहिल्या रांगेत बसलेल्या पाच जणांनी झोपायचं नाही. हे पाचही आपल्याच शाळेचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते आंजर्ल्याहून मोटरसायकलींवर स्पितीला निघणार आहेत. परवा कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं, मोबाइलवर एका टायरचा फोटो दाखवला आणि विचारलं, "काका, हे घालू का?" फोटोतला टायर चांगला दांडगा, अंगावर मुठीएवढ्या गोट्या. आपल्याकडे त्याला बटण टायर म्हणतात. मी म्हटलं, मेळाव्यात सांगतो. म्हणून हे भाषण.

मी तीस वर्षं पुण्यात कॉम्प्रेसरच्या कारखान्यात काढली. म्हणजे हवा आणि हवेचा दाब यांच्यावरच माझं पोट चाललं. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी लाज आहे.

आधी त्या बटण टायरचं बघू. इथून मंडणगड, म्हाप्रळ, आंबेत करत हायवेला लागायचं, मग मुंबई, गुजरात, राजस्थान, दिल्ली, चंदीगड, शिमला, किन्नौर, काझा, आणि कुंझुम खिंड उतरून मनालीवरून परत. जाऊन येऊन पाच हजार किलोमीटरच्या आसपास होतात. यातला खरा हाडं खिळखिळी करणारा रस्ता किती? कुंझुमच्या अलीकडून बातल, छत्रू, ग्रामफू हा मुख्य तुकडा. त्यात किन्नौरमधले दरडी कोसळलेले पट्टे धरा. सगळं मिळून दोनशे किलोमीटर म्हणा. उरलेले अठ्ठेचाळीसशे डांबर आणि काँक्रीट. राजस्थानात जूनमध्ये डांबर तव्यासारखं तापलेलं असतं. त्यावर त्या गोट्या खोडरबरासारख्या झिजतात. काझाला पोचेपर्यंत ज्या धारेसाठी तुम्ही पैसे मोजलेत ती बोथट झालेली असणार. आणि निघताना आपला पाऊस. ओल्या डांबरावर रबर जितकं जास्त टेकेल तितकं चांगलं. बटण टायरचं टेकतं थोडं, बाकी मधल्या फटीच. आसूदच्या वळणांवर पहिल्या पावसात तेल, धूळ आणि पाणी यांचा जो राप तयार होतो तिथे ब्रेक मारून बघा. नको, बघू नका.

उलट, निव्वळ रस्त्याचा गुळगुळीत टायरही नको. तो स्पितीच्या खडीवर आणि नाल्यातल्या गोट्यांवर पुढच्या चाकाला जागच्या जागी वळूच देत नाही. लाल मातीत आपल्याकडे होतं तसंच. पाडल्याहून आड्याला जाताना पावसात साइडपट्टीवर उतरलात की नक्षीत जांभ्याचा चिखल बसतो आणि टायरची केळ्याची साल होते.

म्हणून मधला. नक्षी ठसठशीत, पण मधोमध रबर सलग. बहुतेक प्रवासी गाड्यांना कंपनी तसलाच टायर देते. आमच्या हिमालयनला सिएटचे होते. ही कंपनी मुळात इटलीतल्या तुरीन शहरातली. आता पक्की आपली, भांडुपला आणि नाशिकला तिचे कारखाने. मी तिची जाहिरात करत नाही. इतकंच म्हणतो की टायरचं नाव शेवटी बघायचं, आकडे आधी.

आकडे कुठले? टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, १२०/९०-१७, पुढे ६४ एस. १२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के. १७ इंचाची रिम. ६४ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ २८० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, ज्याचा तुम्हाला काही उपयोग नाही आणि होऊही नये. पण वजनाचा आहे. गाडी दोनशे किलोची, तुम्ही सत्तर-ऐंशी, आणि मागे जे पेटारे, पेट्रोलचा कॅन, तंबू आणि आईने दिलेले लाडू बांधता ते बहुतेक सगळं मागच्या चाकावर येतं. बेरीज कागदावर करा.

आणखी चार आकडे शोधायचे, एका लांबट चौकटीत असतात. २३१५ असं लिहिलं असेल तर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. मी हे न बघता निघण्याआधी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मागचा टायर घेतला. चकचकीत काळा, वर कागद चिकटवलेला. उदयपूरला धाबेवाल्याच्या पोराने बोट ठेवून दाखवलं : कडेला केसासारख्या चिरा. टायर चार वर्षं गोदामात पडून होता. दुकानदाराने फसवलं असं मी घरी सांगत असे. आता सांगत नाही. आकडे मराठीत नव्हते, पण अंक तर होते.

आता मूळ गोष्ट. ती ज्याची आहे तो दुसऱ्या रांगेत बसलाय, आणि सांगायची परवानगी त्याने दिली आहे. नाव घेऊ नको म्हणाला, तरी तुम्हा सगळ्यांना कळेलच.

२०१९ च्या जुलैत आम्ही दोघे वर्गमित्र दोन सारख्या गाड्यांवर गेलो. तो गावातच राहिलेला. पोफळी, नारळ, थोडी कलमं. पन्नाशीला टेकला तरी सुपारी पाडायला गडी लावत नसे, स्वतः चढायचा. काझाचा मुक्काम करून आम्ही निघालो आणि दुपारी बाराच्या सुमारास कुंझुमला पोचलो. उंची ४५५१ मीटर. ऊन कडक, वारा गार. पुढे बातलनंतर दगडधोंडे आहेत हे माहीत होतं. मी खिशातून गेज काढलं. पुढच्या चाकात चंदीगडला पंचवीस पौंड भरली होती, ती तीस दाखवत होती. त्याने विचारलं, "कमी करू?" मी म्हटलं, "अठरा कर. दगडावर गाडी मऊ जाईल." त्याने केली. माझ्यावर विश्वास ठेवून. मी कॉम्प्रेसरवाला ना!

आठवीत सरांनी याच शाळेत सायकलचा पंप वर्गात आणला होता. तोंड बोटाने दाबून दांडा मारायला लावला आणि पंपाचं टोक हाताला लावायला सांगितलं. गरम! का, असं त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. शाबासकी मिळाली. त्या दिवशी ती मी घालवली.

हिशेब असा आहे, पोरांनो. गेज टायरच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतं. समुद्रकाठी बाहेरची हवा चौरस इंचाला साडेचौदा पौंडांहून थोडी जास्त दाबते. कुंझुमला ती सव्वाआठच्या आसपास. म्हणजे टायरला काही न करता गेज सहा पौंड जास्त दाखवणार. उलट थंडीने आतली हवा आखडते. आपल्याकडच्या बत्तीस अंशांवरून पाच अंशांवर आलात तर चारेक पौंड कमी होतात. म्हणजे सकाळी थंड टायरवर मोजलं तर एकातून दुसरं वजा होऊन फरक दोनेक पौंडांचाच राहतो. पण आम्ही घाट चढून, उन्हात, तापलेल्या टायरवर मोजलं. मग तिथून हजार मीटरहून जास्त खाली उतरलो. खाली बाहेरची हवा पुन्हा दाट. वाटेत बर्फाच्या पाण्याचे नाले. टायर गार. मनालीच्या हॉस्पिटलच्या बाकावर मी पावतीच्या मागे गणित मांडलं, तेव्हा अठराचे पंधरा झालेले निघाले. मुळात अठराही सामान लादलेल्या ट्यूबच्या चाकाला कमीच होते.

हवा कमी असली की दगडावर आपटल्यावर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चेपते. शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, फुरसं चावल्यासारखी. छत्रूच्या अलीकडे तेच झालं. मी पुढे होतो. आरशात तो दिसेना म्हणून थांबलो, वळलो. गाडी आडवी, तो तिच्या पलीकडे, उजवा हात छातीशी धरून बसलेला. म्हणाला, "काही नाही रे, जरा लागलंय." कॉलरबोन मोडली होती.

दुपारचे चार. तिकडचे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि ऊन बर्फावर पडून दुपारी मांडीपर्यंत येतात. पुढे दोन नाले. मी म्हटलं, ट्यूब बदलतो. बदलायला बसलो आणि लिव्हर लावताना नवी ट्यूबही चेपली. घरी एकदाही स्वतः टायर उतरवून बघितला नव्हता. नेहमी आपला पंक्चरवाला आहेच. थंडी वाढत होती, हात चालेनात, आणि तो काही न बोलता माझ्याकडे बघत होता. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सहाच्या सुमारास एक मालवाहू ट्रक आला. त्यांनी त्याला पुढे बसवलं. गाडी मागे चढवायला जागा नव्हती, ती तिथेच राहिली. अटल बोगदा तेव्हा झालेला नव्हता, तो ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्यामुळे रोहतांग चढून उतरायचा, त्या मोडक्या हाडानिशी, प्रत्येक खड्ड्यासकट. रात्री उशिरा मनाली. क्लीनर पोरगा सतरा-अठराचा असेल. त्याने दुसऱ्या दिवशी तीच ट्यूब वीस मिनिटांत बसवली. लिव्हर लावण्याआधी ट्यूबमध्ये तोंडाने फुंकल्याएवढी हवा भरली, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटीत येत नाही. बस्, एवढंच मला माहीत नव्हतं.

हाड जुळलं. खांदा पूर्ण वर जात नाही. पोफळीवर चढणं तेव्हापासून बंद. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आणि आपल्या सगळ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेल्या पोफळी तोडून बाजूला करायला घरोघर माणसं कमी होती. तो एका हाताने कोयती चालवत होता. मी पुण्यात, टाळेबंदीत अडकलेलो. त्याने मला फोनवर एवढंच सांगितलं, "चढायला आता झाडंच उरली नाहीत, तू वाईट वाटून घेऊ नको." मला जे वाटायचं ते वाटलंच.

तर पोरांनो, "कोणता टायर" या प्रश्नाला माझं उत्तर असं की, जो तुम्हाला अंधारात, गार हातांनी, एकट्याला उतरवून परत चढवता येईल तो. मधल्या नक्षीचा, निघण्याआधी चारपाचशे किलोमीटर चालवून रुळलेला, तारीख बघून घेतलेला. बसवल्यावर कडेचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आहे ना ते बघायचं. मी दोन गाड्यांना तो उलटा बसवलेला पाहिलाय. जाड ट्यूब दोन घ्या. एकच नेता येत असेल तर पुढच्या चाकाची, एकवीस इंचाची न्या. अडीअडचणीला ती घडी घालून मागच्या सतराच्या चाकातही पुढच्या गावापर्यंत जाते. मागची पुढे जात नाही. हवा रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, एकाच गेजने मोजायची आणि वहीत लिहायची. दगडांसाठी कमी करायची तर दोन-तीन पौंड, त्याहून नाही. फार कमी केलीत तर टायर रिमवरून सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, मग पॅचही लागत नाही.

आणि सरावासाठी गाड्या आपल्या पुळणीवर नेऊ नका. परवा दोघांच्या चाकांच्या रेघा मी बघितल्या आहेत. कासवांची घरटी वाळूत हात-दीड हात खाली असतात, अजून एखादं राहिलेलं असू शकतं. शिवाय खारं पाणी आऱ्यांना लागलं की स्पितीच्या आधी चाकच गंजायचं.

येत्या रविवारी सकाळी नऊला माझ्या अंगणात पाचही जणांनी गाड्या घेऊन यायचं. प्रत्येकाने आपला पुढचा आणि मागचा टायर उतरवायचा, ट्यूब काढायची, परत घालायची. घड्याळ लावून तो बसणार आहे, दुसऱ्या रांगेतला. ट्यूब चेपली की पुन्हा पहिल्यापासून, हा त्याचा नियम, माझा नाही. पंप मी देतो. गेज मात्र ज्याचं त्याने आणायचं.