कोकणातील बनी इसराईल आणि त्यांची पवित्र स्थळे

(गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



मागे एका वर्गात प्रेषितांच्या चरित्राविषयी बोलत असताना एका मुलाने मला विचारले, "सर, ज्यू लोक आपले दुश्मन असतात, व्हय ना?" मी त्याला विचारले, "तू एखादा ज्यू माणूस पाहिला आहेस का?" तो म्हणाला, "नाही." मुलगा निरागस होता. त्याने कुणा वडीलधाऱ्याकडून ऐकलेलेच तो बोलला. त्याला द्यायचे उत्तर वर्गात अपुरे राहिले, ते आज आपणा सर्वांसमोर देत आहे.

हे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस नवगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. कोकणातील मराठी बोलणारे ज्यू स्वतःला 'बेने इस्रायल' म्हणवतात. पवित्र कुरआनात ज्यांचा उल्लेख 'बनी इसराईल' म्हणून वारंवार येतो, तेच हे नाव. या समाजाची परंपरा अशी की, अनेक शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले, त्यांना किनाऱ्यावरच दफन केले गेले. नवगावचे ते कबरस्तान या समाजाला आजही पवित्र आहे.

वाचलेल्यांजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता. हळूहळू भाषाही गेली आणि मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्या गावावरून आडनावे पडली: दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर. परंतु काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलांची सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्यातील हलाल-हरामासारखे नियम आणि ईश्वर एकच आहे अशी साक्ष देणारी 'शेमा' ही प्रार्थना. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या विद्वानाने याच खुणांवरून त्यांना ओळखले, असे ते सांगतात. त्याने तीन तरुणांना धर्मशिक्षण दिले. त्या तरुणांच्या वंशजांना काय म्हणत असत? 'काजी'!

अलिबागजवळच खंडाळे गावी त्यांचे दुसरे पवित्र स्थळ आहे. तेथील एका खडकावर काही खुणा आहेत. 'एलियाहू हनाबी' अग्निरथातून आकाशात जात असताना या खडकाला रथाच्या चाकांचा आणि घोड्यांच्या टापांचा स्पर्श झाला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडायला, मंगलकार्यानंतर आभार मानायला लोक तेथे जातात. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे ताटात मांडून प्रार्थना करतात. या विधीला ते 'मलिदा' म्हणतात. मलिदा हा शब्द कबनूरच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागेल काय?

आणि हे एलियाहू हनाबी कोण? तेच आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. सूरह अल्-अन्आममध्ये सदाचारी प्रेषितांच्या मालिकेत त्यांचे नाव आहे. सूरह अस्-साफ्फातमध्ये त्यांनी आपल्या लोकांना 'बअल' या मूर्तीची पूजा सोडून अल्लाहकडे वळण्यास बजावले, हा प्रसंग आहे. ज्यूंच्या ग्रंथात हाच प्रसंग कार्मेल पर्वतावर घडला, असे म्हटले आहे. त्या पर्वतावर हैफा शहराजवळ त्यांच्या नावाची एक गुहा आहे आणि तेथे ज्यू, ख्रिस्ती, द्रूझ व मुसलमान या सर्वांनीच शतकानुशतके हजेरी लावली आहे. खंडाळ्याच्या खडकावरील खुणांविषयी आपण काय मानावे, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु ज्यांच्या आठवणीसाठी ते लोक तेथे जमतात, त्या प्रेषितावर ईमान ठेवल्याशिवाय आपलेही ईमान पूर्ण होत नाही.

आता तिसरे स्थळ मुंबईचे. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतील बेने इस्रायल अधिकारी होते. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले. त्यांच्या समाजात आजही सांगतात की, कैद्यांपैकी हे बनी इसराईल आहेत असे कळताच सुलतानाच्या मातोश्री म्हणाल्या, कुरआनात ज्यांच्याविषयी वाचले ते लोक मी कधी पाहिले नव्हते, त्यांना जीवदान द्या. सुटका झाल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे हिब्रू नाव 'शाअर हारहामीम', म्हणजे रहमतचा दरवाजा. समाजाच्या बोलीत मात्र त्याचे नाव 'जुनी मशीद'. होय, कोकणचे ज्यू आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आले. मशीद, मलिदा, काजी हे शब्द शेजाराशिवाय एका घरातून दुसऱ्या घरात जात नाहीत.

या समाजाने शिक्षणाचे मोल फार लवकर ओळखले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. आपल्या समाजाचा इतिहासही त्यांनीच लिहून ठेवला. त्यांची शाळा पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून माझगावात नावारूपाला आली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. आज भारतात या समाजाचे काही हजार लोकच उरले आहेत. मग त्या शाळेचे काय झाले? शाळा चालू राहिली आणि तिच्यात शिकणारी बहुतेक मुले मुसलमानांची आहेत. ज्यूंनी उभारलेल्या शाळेत आपली मुले शिकून मोठी होत आहेत, हे त्या विद्यार्थ्याला कुणीतरी सांगायला हवे होते.

पालकहो, पॅलेस्टाईनच्या जनतेवरील अन्यायाने आपले मन व्यथित होते. व्हायलाच हवे. जुलमाला जुलूम म्हणणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु एखाद्या राज्याच्या कृत्याचा जाब अलिबागच्या इस्रायल आळीतल्या वृद्धाला विचारणे, हा न्याय नव्हे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत दहशतवाद्यांनी ज्यूंच्या केंद्रात शिरून निरपराधांना मारले. तेव्हा मुंबईच्या मुस्लिम कबरस्तानाच्या विश्वस्तांनी त्या मारेकऱ्यांना दफनासाठी जागा नाकारली. ही समाजाने दिलेली साक्ष आहे. मुलांना तीही सांगा.

सूरह अल्-हज्जमध्ये मशिदींच्या बरोबरीने मठ, चर्च आणि ज्यूंची प्रार्थनास्थळे यांचाही उल्लेख आहे. अल्लाहचे नामस्मरण होणारी ही स्थळे उद्ध्वस्त होऊ नयेत, असा त्या आयतीचा आशय आहे. एका ज्यू माणसाची अंत्ययात्रा जाताना हुजूर (स.अ.) उठून उभे राहिले. ती ज्यूची आहे असे कुणी सांगितले, तेव्हा तोही एक जीव नव्हता काय, असे त्यांनी विचारले. नवगावच्या कबरींपाशी कसे उभे राहावे, याचा धडा आपल्याला तेथूनच मिळतो.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तक हरवले तरी त्या माणसांनी एका प्रार्थनेच्या बळावर आपली ओळख राखली, आणि पुस्तक पुन्हा हाती येताच शाळा काढली. तुमच्यापाशी पुस्तकही आहे आणि शाळाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभी केली, ती आपल्या हाती पुस्तक यावे म्हणूनच. ते उघडा. ज्याला कधी पाहिले नाही, त्याच्याविषयी ऐकीव बोलू नका, वाचून बोला. पुढे कधी अलिबागला सहल गेली, तर किल्ला पाहाच, पण नवगावलाही पाच मिनिटे थांबा.

अल्लाह आपणा सर्वांना इल्म आणि इन्साफ यांची तौफीक देवो. आमीन. खुदा हाफिज.